हरणीचं पाणी

आमचं टायर-ट्यूबचं दुकान हरणी तलावाच्या रस्त्यावर आहे. अमरावती जिथे संपते तिथे, असा पत्ता पूर्वी सांगता यायचा. आता अमरावती तिथे संपत नाही, कुठेच संपत नाही. माझे अब्बा, अब्दुल रहीम, यांनी दुकान टाकलं तेव्हा समोर तलाव, मागे संत्र्याचा बगीचा आणि मधून चांदूर बाजारकडे जाणारा रस्ता, एवढीच दुनिया होती. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एक ट्रकवाले, आणि दुसरे एकटे डोमाजी नांदणे.

डोमाजीकाकांकडे ट्रक सोडा, सायकलही नव्हती. ते यायचे ट्रकची जुनी ट्यूब घ्यायला. ती फुगवायची, मधल्या भोकावर सुतळीची बैठक विणायची आणि तिच्यावर बसून, पायाने पाणी मारत, तलावात जाळं टाकायचं. हरणीवरचे सगळे भोई असेच मासे धरत, पण पैसे मोजून ट्यूब नेणारे काका एकटेच. ट्यूब पंक्चर झाली की काका ती गळ्यात घालून रस्त्याने येत, आणि अब्बा दुकानातूनच ओरडत, "आले पाहा नवरदेव!" काका हसायचे नाहीत. "नवरदेवात हवा भरा," एवढंच म्हणून बाकावर बसायचे.

अब्बा गेले आणि दुकान माझ्या वाट्याला आलं. काकाही वाट्याला आले.

मी वकार. घरात उर्दू बोलतो, दुकानात वऱ्हाडी, आणि शिकलो मराठी शाळेत म्हणून लिहितो मराठीत. स्वभावाने चिडका आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यात खुद्द डोमाजीकाकाही आहेत.

काकांना एक खोड होती. पंक्चर शोधायला आम्ही ट्यूब पाण्याच्या टपात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतो. टप नव्याने भरलेला दिसला की काका त्यात बोट बुडवून चाटायचे.

"नळाचं हाये."

कधी म्हणायचे, "बोरिंगचं. तुह्या मागच्या प्लॉटमदलं." आणि कधी तोंड उजळायचं. "हरणीचं!"

एकदा त्यांची फजिती करावी म्हणून मी नळाचं आणि तलावाचं पाणी मिसळून ठेवलं. काकांनी बोट चाटलं, जरा वेळ जीभ टाळूला लावून बसले आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "दुधात पानी घालनारे लय पाह्यले. पान्यात पानी घालनारा तूच पयला."

ही जीभ त्यांना खाऱ्या पाण्याने दिली होती. काका मूळचे इथले नव्हेत. दर्यापूरच्या पुढे, अकोला जिल्ह्याच्या हद्दीला लागून, पूर्णेच्या काठी त्यांचं गाव. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा नाही तर बोअर मारा, लागतं ते खारट पाणी. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तिकडची म्हातारी माणसं सांगतात की कोण्या काळी इथे समुद्र होता, तो निघून गेला आणि जाताना मीठ विसरून गेला. मी काकांना डिवचायचो, "नाव दर्यापूर, नि प्यायले घोटभर पानी नाई!" काका म्हणायचे, "दर्या कधी प्यायच्या कामाचा असते काय बे?"

त्या गावांत पाण्याला दोनच शब्द. खारं आणि गोड. पाणी गढूळ असो, शेवाळलेलं असो, खारं नसलं की ते गोड. आणि गोड म्हणजे नुसती चव नव्हे. गोड म्हणजे या पाण्यावर माणसं राहू शकतात, या गावात लेक देता येते. डोमाजीकाकांचा घात या एका शब्दाने केला असं मला वाटतं, म्हणून एवढी फोड करून सांगतो आहे.

काकांना एक थोरली बहीण होती. तिला दमा. तिला पाहायला पाहुणे आले, तेव्हा बापाने, माळकरी माणूस तो, खोटं बोलायचं नाही म्हणून आपणहून सांगून टाकलं. पाहुणे पोहे खाऊन उठले ते पुन्हा आले नाहीत. मग दुसरे आले. बापाने त्यांनाही सांगितलं. बहीण घरातच राहिली आणि बापाच्या आधी गेली. हे काका माझ्याजवळ एकदाच बोलले, ट्यूबचं ठिगळ वाळायची वाट पाहत असताना. "बापानं खरं सांगतलं," ते म्हणाले. "पोरगी कोन्या घराले नाई गेली. सरनावर गेली." मग ठिगळावर बोट टेकवून वाळलं का ते पाहत बसले. मी उगाच पंपाची नळी खोलून पुन्हा बसवली.

हरणीवर ते आले घरजावई म्हणून. दुर्गाकाकूंचा बाप हरणीवर मासे धरायचा, त्याला मुलगा नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काका तलावात उतरले, ओंजळ भरून प्यायले आणि रडले, असं काकू सांगतात. काका म्हणायचे, डोळ्यात पाणी गेलं होतं. सासरा मरायला टेकला तेव्हा काकांनीच पितळी गडूने तलावाचं पाणी आणून त्याच्या तोंडात घातलं. ज्या पाण्याचं खाल्लं तेच शेवटी तोंडात, अशी त्यांच्या घरातली रीत.

दोघांना मूलबाळ झालं नाही. दवाखाने झाले, कौंडण्यपूरच्या जत्रेत नवस झाले, आणि मग दोघांनी तो विषय सोडून दिला. काका तलावाला तलाव म्हणत नसत, हरणी म्हणत. "हरणी आज रुसली," म्हणजे जाळ्यात काही आलं नाही. "हरणीले ताप हाये," म्हणजे उन्हाने पाणी कढलं आहे. दुर्गाकाकू वैतागून म्हणायच्या, "सवत असती तं झिंज्या धरल्या असत्या मी. लेक म्हून बसवली हाये, आता काय करता बाप्पा!"

तलावाच्या दक्षिणेला एक उथळ कोपरा होता. लव्हाळं आणि पाणकणसाचं दाट रान. त्याला भोई लोक बायतीनकोपरा म्हणत. बायतीन म्हणजे बाळंतीण. मरळ तिथे पिल्लं घालायची. मरळ हा मासा दिसायला सापासारखा, पण आईपणाला मोठा हळवा. पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि खालून आई, कधी बाप, पहारा देत फिरतात. मृगापासून पोळ्यापर्यंत त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, ट्यूब न्यायची नाही, आणि कामासाठी जावंच लागलं तर काठावर आधी पाय धुवायचे. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचे पाय घेऊन कोणी जातं का, असं काकांचं म्हणणं. एकदा एका मास्तरांची पोरं शेण तुडवून तशीच पाण्यात शिरली, तर काकांनी काठी उगारून त्यांना पार डांबरी रस्त्यापर्यंत पळवलं होतं. मास्तर भांडायला आले. काकांनी त्यांनाही पाय धुवायला लावले.

मग संत्र्याचा बगीचा तुटला. दुकानामागे चढावर लेआऊट पडले, एकामागे एक. झाडं तोडून वसवलेल्या कॉलन्यांना झाडाफुलांचीच नावं द्यायची ही अक्कल कोणाची असते कोण जाणे. घरं झाली, संडास झाले, मोऱ्या झाल्या, आणि हे सगळं पाणी जायचं कुठे याचा विचार कोणी केला नाही. पाण्याने स्वतःच केला. चढावरून एक जुना ओढा बायतीनकोपऱ्यात उतरत होता, पावसाळ्यापुरता वाहणारा. तो आता बारा महिने वाहू लागला, काळा. बाळंतिणीच्या खोलीत गावाचे पाय शिरले, तेही न धुता.

पहिली दोन-तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं. मरळ कमी झाली, चिलापी वाढली. चिलापी ही बाहेरून आलेली मासळी, कशातही जगते, तिला काही वाटत नाही. काका बादली दाखवून म्हणायचे, "पाह्य, निस्ते भाडोत्री. घरचं कोनी नाई."

कॉलनीत साधनाताई राहायला आल्या होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. वासाने त्यांची झोप उडाली आणि त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली. बाई सच्च्या होत्या. "माझ्या घराचं घाण पाणीही त्याच नाल्यात जातं, मीही त्यातलीच," हे त्या दर बैठकीत आधी सांगायच्या. मागणी एकच होती: नाला बायतीनकोपऱ्यात सोडू नका, वळवा, पाणी साफ करून मग कुठे सोडायचं ते सोडा. आम्ही महापालिकेच्या ऑफिसात चकरा मारल्या, तेव्हा एकदाचे साहेब लोक तलाव पाहायला यायचे ठरले. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मला खरंच वाटत होतं की आता काहीतरी होणार.

उन्हाळ्याचे दिवस. जीप आली, तीन-चार माणसं उतरली, नाकाला रुमाल लावून काठाने फिरली. दुर्दैवाने त्या दिवशी वारा उलट्या बाजूने होता आणि वास म्हणावा तेवढा नव्हता. मोठे साहेब म्हणाले, कॉलनीवाल्यांचं ऐकलं, पण रोज या पाण्यात उतरतो असा कोणी आहे का? सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे गेली. काका नुकतेच वर आले होते. ट्यूब खांद्यावर, अंगातून पाणी निथळतंय. त्यांनी धोतराला हात पुसले.

"काय बाबा, पाणी कसं आहे?"

काका साहेबांकडे पाहत राहिले. मग तलावाकडे पाहिलं. आणि म्हणाले, "गोड हाये साहेब."

"मासे मिळतात?"

"मिळते ना. हरणीनं कोनाले उपाशी नाई ठेवलं. लय गुनाची हाये."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि साधनाताईंकडे वळून नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ज्यांचं पोट यावर आहे त्यांची तर काही तक्रार दिसत नाही." ताईंचा चेहरा मला अजून दिसतो.  जीप गेली.

नाला वळवायचं राहिलं. त्याऐवजी तलावाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं. फिरायला फरशीचा रस्ता, रंगीत दिवे, आणि काठ दिसायला नीट दिसावा म्हणून सगळीकडे दगड बसवायचे.

जीप वळणाआड गेल्याबरोबर मी काकांना धरलं. आयुष्यात त्यांच्यावर इतका कधी ओरडलो नव्हतो. "काका, तुमी हे काय केलं? गोड हाये? तुमाले रोज काय घान दिसते ते सांगाचं होतं ना! काऊन नाई सांगतलं?"

काका ट्यूबची हवा सोडत होते. सगळी सोडून झाल्यावर म्हणाले, "पाव्हने आले होते ना रे."

"तं मंग?"

"पोरगी पाहाले पाव्हने आले. त्यायच्या पुढं बापानं सांगाचं, का पोरगी बिमार हाये म्हून? उठून जातीन ते. म्हनतीन, मेल्यातच जमा हाये, कायले खर्च करता. बुजवून टाका. ते खालच्या वस्तीतलं डबकं नाई बुजवलं? आता तठी लग्नाचा हॉल हाये."

ते डबकं खरंच बुजवलं होतं आणि त्या हॉलमध्ये मी जेवूनही आलो होतो. तरी मी बडबडत राहिलो. साहेब हरणीला पाहायला आले नव्हते, नाला पाहायला आले होते, हे मी तीनतीनदा सांगितलं. काकांना ते पटलं की नाही, माहीत नाही. "खारं तं नाई ना," ते पुटपुटले. "गोडच हाये. खोटं नाई बोललो मी."

दगड बसवणारे आले ते पाणकणसाचं रान उपटूनच कामाला लागले. काका दोन दिवस काठावर उभे राहिले. कोणाला अडवलं नाही. अडवणार कोणत्या तोंडाने, असं ते दुर्गाकाकूंना म्हणाले. थोडं लव्हाळं नाल्याच्या तोंडाशी राहिलं, तिथे दगड आणायची वाट नव्हती म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, ते घडलं. कितीतरी दिवस पाऊस नव्हता, वारा नव्हता, आभाळ नुसतं भरून राहिलेलं. सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा समोर तलाव पांढरा दिसला. मला वाटलं प्लास्टिक आहे. घाण पाण्यातली हवा संपली होती आणि कतला, रोहू, झाडून सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. नवीन फरशीवर फिरणारी माणसं थांबून मोबाइलवर फोटो काढत होती.

काका बायतीनकोपऱ्यात होते, गुडघाभर पाण्यात. मी दगडांवरून कसाबसा उतरलो. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि पुढे बोट केलं. लव्हाळ्याच्या उरलेल्या झुपक्याजवळ पिल्लांचा लाल थवा होता. हलत नव्हता. पाण्यावर पसरलेल्या कुंकवासारखा पडून होता. आणि त्याच्याभोवती मरळ फिरत होती. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून ती बाकी माशांसारखी लगेच मरत नाही. ती जिवंत होती. गोल फिरायची, थव्याला खालून धक्का द्यायची, पिल्लं जरा पांगायची, ती पुन्हा गोल फिरायची.

 काका शेवटी म्हणाले, "हिले कोनी सांगाव आता?" आणि चालू लागले. काठावर येऊन त्यांनी पाय धुतले. कशाने धुतले, तर त्याच पाण्याने. मला त्या क्षणी सगळ्या जगाचा राग आला, आणि त्या फोटो काढणाऱ्यांपैकी एकाचा मोबाइल मी खरंच तलावात फेकला असता, पण तो माझ्याच गिऱ्हाइकाचा मुलगा निघाला.

त्यानंतर काका पाण्यात उतरले नाहीत. ट्यूब दुकानात आणून ठेवली आणि म्हणाले, "ठिवून घे. कोनाले लागली तं दे." मग महिन्याभराने स्वतःहून आले. "मले त्या ऑफिसात घेऊन चाल. मी सांगतो त्यायले, माह्याकून चुकलं म्हून."

आम्ही गेलो. साधनाताईही आल्या. साहेब बदलले होते. नवे साहेब तरुण होते, त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, हे माझ्या तेव्हाच्या रागातही माझ्या लक्षात आलं. रस्ताभर मी काकांकडून घोकून घेतलं होतं: पाणी खराब आहे, नाल्याने खराब झालं आहे. दोनच वाक्यं. साहेब म्हणाले, "बोला बाबा."

काकांनी धोतराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"पानी..." ते म्हणाले आणि थांबले.

"हां, पाणी?"

"पानी बिमार हाये साहेब."

साहेबांना हसू आलं, वाईट नव्हतं ते. "पाणी आजारी कसं असेल बाबा? म्हणजे दूषित आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी काकांना कोपर मारलं. "खराब म्हना," कानात म्हणालो.  साधनाताईंनी मग सगळं मुद्देसूद सांगितलं, नाला, मेलेले मासे, दगड, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. काकांच्या तोंडून तो शब्द काही निघाला नाही. परत येताना ऑटोत मी धुसफुसत बसलो. ते बाहेर पाहत होते आणि आपल्याशीच म्हणत होते, "आपल्याच तोंडानं कसं म्हनाव?"

नाला आजही तिथेच उतरतो.

काकांच्या पायांवर सूज आली ती त्याच हिवाळ्यात. दोन्ही किडन्या खलास. खारपाणपट्ट्यात हा आजार घरोघर आहे असं तिकडचे लोक सांगतात. लहानपणचं पाणी, म्हणतात, म्हातारपणी वसुली करतं. खरं-खोटं डॉक्टर जाणोत. मला एवढंच दिसत होतं की ज्या पाण्यापासून हा माणूस पळून आला होता त्याने त्याला इथे येऊन गाठलं. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाकाठी थोडंसं, वाटीने. ज्या माणसाचा जन्म पाण्यात गेला तो ओठ ओले करायला ओला फडका मागायचा. डायलिसिस केलं, मग शरीर ते सोसेना. काकांनीच एक दिवस सांगितलं की आता पुरे, मला घरी न्या.

दुर्गाकाकू त्या दिवशी भर दुपारी दुकानात आल्या. हातात तो पितळी गडू, चिंचेने घासून लख्ख केलेला.

"वकारभाऊ, तुमच्या घरच्या फिल्टरचं पानी द्या यात."

मी विचारलं, काय झालं? त्या पायरीवर बसल्या.

"हरणीचं मांगून राह्यले. म्हनते, आता वाटी-फिटी मोजू नोको, मले हरणीचं घोटभर आन. गेली होती मी तलावावर. गडू बुडवला." त्यांनी गडू नाकाजवळ नेला आणि खाली केला. "ओतून देल्लं बाप्पा. घरी येऊन पह्यले घासला. ते पानी मी त्यायच्या तोंडात नाई घालत. रीत गेली चुलीत. हेच देतो, हरणीचं म्हून."

"काका ओळखतीन, काकू."

"आता कायची जीभ राह्यली त्यायले? गोळ्यायनं मारून टाकली."

माझ्या बायकोने, नगमाने, गडू भरून दिला आणि वर झाकायला स्वच्छ कापड दिलं. मी काकूंबरोबर गेलो. साधनाताई आधीच तिथे होत्या, खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर. घर म्हणजे एक खोली आणि एक ओसरी, भिंतीला टांगलेलं जाळं. काका इतके लहान झाले होते की गोधडीत माणूस आहे की नाही कळत नव्हतं. काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "आनलं बरं," त्या म्हणाल्या. "हरणीचं."

काकांनी डोळे उघडले. चमच्याने पाणी तोंडात गेलं. ते त्यांनी गिळलं नाही. तोंडात धरून ठेवलं, जसे दुकानाच्या बाकावर बसून धरायचे, जीभ टाळूला लावून.  मला वाटलं, आता म्हणणार, नळाचं हाये.

त्यांनी पाणी गिळलं. काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग साधनाताईंकडे. गोधडीतून हात बाहेर आला, गोधडीलाच पुसला.

"गोड हाये," ते म्हणाले. थोडं थांबून, श्वास घेऊन, पुन्हा म्हणाले, "लय गुनाची हाये."

साधनाताईंनी पदर डोळ्यांना लावला. दिवेलागणीच्या आधी काका गेले.

माणसं जमू लागली तेव्हा मी ओसरीत येऊन उभा होतो. रडू येत होतं आणि ते येऊ द्यायला मी तयार नव्हतो. काकू गडू घेऊन बाहेर आल्या, उरलेलं पाणी त्यांनी तुळशीत ओतलं. मला वाटलं, निदान एवढं तरी बरं झालं. मी म्हणालो, "काकू, बरं झालं. काकाले समजलं नाई."

काकूंनी गडू पालथा ठेवला.

"ओयखलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "माह्या मांडीवर डोकं होतं त्यायचं. मले समजते ना."

"मंग गोड काऊन म्हनलं?"

"पाव्हने होते ना घरात," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.